वादळाची प्लेट

खोली भाड्याने देण्याआधी बाईंनी माझ्याकडे छातीचा एक्स-रे मागितला होता.

मी आधारकार्ड, कंपनीचं ओळखपत्र, पोलीस चौकीतला अर्ज असं सगळं प्लास्टिकच्या फाइलमध्ये लावून नेलं होतं. बाईंनी फाइल उघडलीसुद्धा नाही. कागदावर माणूस काय वाट्टेल ते लिहितो, म्हणाल्या, आतलं काही असेल तर दाखव. म्हातारी फिरकी घेतेय असं मला वाटलं, पण त्यांचा चेहरा फिरकी घेणाऱ्याचा नव्हता. त्यांचा चेहरा कशाचाच नसायचा, हे पुढे कळलं. अंधेरीत साकीनाक्याच्या अलीकडे, विमानतळावरच्या माझ्या शिफ्टला सोयीची अशी दुसरी खोली मिळण्यातली नव्हती, म्हणून मी दुसऱ्या दिवशी मुकाट्याने एक्स-रे काढून आणला. बाईंनी तो उजेडाला धरला, मान तिरकी केली आणि सांगितलं की छाती साफ आहे, पण डावीकडची बरगडी लहानपणी मोडली होती आणि ती तू घरी लपवलीस. खरंच लपवली होती. चुलतभावाची सायकल न विचारता घेतली होती मी. त्याच आठवड्यात सामान घेऊन राहायला गेलो आणि पुढची सहा वर्षं तिथून हललो नाही.

बाई एका मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायच्या. मी गेलो तेव्हा त्यांना निवृत्त होऊन तीन-चार वर्षं झाली होती, नवरा त्याआधीच गेला होता, मूलबाळ नव्हतं. मूळच्या मालवणकडच्या, समुद्राला लागून घर. पहिल्या दिवशी मी त्यांना मावशी म्हटलं, तर म्हणाल्या, मी तुझ्या आईची बहीण नाही. काकू म्हटलं, तर तुझा काका कुठाय म्हणून विचारलं. शेवटी नुसतं 'बाई' ठरलं.

स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला होती आणि दुपारनंतर ऊन सरळ ओट्यावर यायचं. त्या काचेला बाईंनी पडद्याऐवजी आपल्या नवऱ्याच्या छातीचे दोन जुने एक्स-रे चिकटवले होते. पोहे खाता खाता माझं तिकडे लक्ष गेलं आणि घास तोंडातच राहिला. बाईंनी ते बघितलं.

"सावली देतो," म्हणाल्या. "जिवंत होता तेव्हा एवढी दिली नव्हती."

हसावं की नाही ते मला कळेना. पुढे सवय झाली. दुपारी बरगड्यांची फिकट सावली भाताच्या पातेल्यावर पडायची आणि आम्ही निवांत जेवायचो.

दिसेल ती वस्तू उजेडाला धरून बघायची खोड त्यांना होतीच. पापड, अंडं, शर्टाचं कापड, गाळणी, काही सुटायचं नाही. मरोळच्या बाजारात त्यांनी पापलेट उन्हाकडे धरलं की कोळीण कपाळाला हात लावायची, पण त्यांच्यासाठी चांगला वाटा बाजूला काढून ठेवायची. दुसरी खोड त्याहून वरताण. श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका, सोडा, हे तीस-बत्तीस वर्षं दिवसातून शंभर वेळा म्हणून त्यांच्या जिभेवर बसलं होतं. गॅसवाल्याला म्हणायच्या, पंखा दुरुस्त करणाऱ्याला म्हणायच्या. एकदा सोसायटीचे सेक्रेटरी पाण्याच्या टाकीवरून तावातावाने भांडायला आले. ऐन रंगात होते. बाई शांतपणे म्हणाल्या, "श्वास धरा." आणि त्या गृहस्थांनी खरोखर धरला. चांगला दहा सेकंद. मग बाईंनी 'सोडा' म्हटल्यावर त्यांना पुढचं भांडण काही केल्या आठवेना. चहा घेऊन गेले बिचारे.

गंमत म्हणून हे सगळं मी मित्रांना सांगायचो. पण बाईंच्या मनात एक जुना सल होता, तो कळायला मला वर्ष लागलं. एक्स-रे काढणाऱ्या माणसाला प्लेट सगळ्यांच्या आधी दिसते. डॉक्टरच्या आधी, पेशंटच्या आधी, बाहेर बाकावर बसलेल्या बायकोच्या आधी. आणि बोलायची मुभा नसते. बाकावरची बायको दाराशी येऊन विचारते, काय दिसतंय हो? तर म्हणायचं, डॉक्टर सांगतील. आणि ते म्हणताना तोंड दगडासारखं ठेवायचं, कारण माणसं प्लेट बघत नाहीत, तोंड बघतात. एकदा नोकरी नवी असताना बाईंच्या तोंडावर काहीतरी उमटलं आणि ते बघून एका म्हाताऱ्या आईने तिथेच बसकण मारली. त्या दिवसापासून बाईंनी चेहरा बंद केला, तो घरीसुद्धा उघडला नाही. मला म्हणायच्या, आयुष्यभर सगळ्यात आधी मी बघितलं, आणि काय दिसलं ते मला एकाही शहाण्याने विचारलं नाही.

एके वर्षी अरबी समुद्रात वादळ उठलं आणि आमची विमानं खोळंबली. प्रवाशांच्या शिव्या खाऊन मी दुपारी घरी आलो, तर बाई टीव्हीला नाक लावून उभ्या. पडद्यावर उपग्रहाने काढलेलं वादळाचं चित्र होतं. त्यांनी मला विचारलं, ही प्लेट कोण वाचतं? मला एकदम आमच्या ऑफिसातल्या एकाने सांगितलेलं आठवलं. जगभरातल्या वादळांची गेल्या कितीतरी वर्षांतली चित्रं शास्त्रज्ञांकडे पडून होती. एकाच वादळाला या देशातला तज्ज्ञ जोरदार म्हणायचा, त्या देशातला किरकोळ. मग त्यांनी एक वेबसाइट काढली आणि साध्या माणसांना हाक दिली, की या, बघा आणि तुम्हाला काय दिसतं ते सांगा. एकच चित्र पुष्कळ जणांना दाखवायचं आणि बहुतेकांना जे दिसेल ते धरायचं. मी जुना लॅपटॉप बाईंच्या जेवणाच्या टेबलावर मांडला आणि ते पान उघडून इंग्रजी सूचना मराठीत सांगितल्या. बाई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे विचारलं एकदाचं कोणीतरी."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी दोन ते चार हा बाईंच्या ड्यूटीचा वेळ झाला. मागच्या गाळ्यांमधली लेथ मशीनं जेवणाच्या सुट्टीनंतर सुरू झाली की बाई पांढरा एप्रन घालून टेबलाशी बसायच्या. हो, एप्रन. निवृत्त होताना आणलेला. साइटवर चित्र यायचं. ढग जितका उंच तितका थंड आणि तितका त्याचा रंग निळा-पांढरा, अशी ती रंगवलेली असायची. वादळाचा मधला डोळा दिसतो का, ढगांचे पट्टे वळलेत का, की कशाला काही आकारच नाही, एवढं सांगायचं आणि मधोमध खूण करायची. इंग्रजी नावं बाईंना पटली नाहीत. स्वच्छ डोळ्याचं वादळ म्हणजे सुरमईची तुकडी, कारण मध्ये काटा असतो. गोल गोल वळलेलं म्हणजे चकली. आणि विस्कटलेलं, भोकं पडलेलं, काहीच नसलेलं म्हणजे फाटलेलं घावण. बाईंनी मलाही खातं उघडायला लावलं. माझी सुट्टी गुरुवारी असायची, तेव्हा बसायचो. सुरुवातीला मी आपला जेवढं मोठं तेवढं जोरदार असं धरून चाललो होतो. बाईंनी ती चूक दुसऱ्याच गुरुवारी पकडली. पोट सुटलेला माणूस काय पैलवान असतो का, म्हणाल्या.

चित्राखाली बारीक अक्षरात तारीख यायची. बाईंनी लॅपटॉपच्या पडद्यावर बरोबर त्या जागी हॉस्पिटलातली पांढरी चिकटपट्टी लावली. आधी उत्तर द्यायचं, मग पट्टी उचलून तारीख बघायची, हा नियम. कुठलं साल, कुठलं वादळ हे आधी कळलं की डोळा बिघडतो, असं त्यांचं म्हणणं. दिसतं ते सांग, माहीत आहे ते सांगू नको, हे तर त्या दिवसातून एकदा तरी ऐकवायच्याच. माझ्या खोलीत मला भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा. प्रत्येक चित्राआधी स्वतःशीच "धरा" आणि उत्तर देऊन झालं की "सोडा". दोन ते चार हेच चालायचं.

मध्यंतरी त्यांना वाटलं, एकट्याने किती करणार. इमारतीतल्या चार बायकांना त्यांनी तयार केलं. सोसायटीच्या ऑफिसात दर शनिवारी चौघी आपापले मोबाइल घेऊन बसायच्या आणि मधोमध एप्रन घालून बाई. दोन महिने झकास चाललं. मग बाईंनी सगळ्यांची उत्तरं वहीत शेजारी शेजारी लिहून बघितली. पाचही रकाने सारखे. चौघी बाईंच्या पडद्याकडे बघून बोट ठेवत होत्या. तळमजल्यावरची एक जण तर कौतुकाने म्हणाली की बाई, तुम्ही एवढं शिकलेल्या, तुमच्यापुढे आम्ही वेगळं काय सांगणार? बाई हादरल्या. त्यांच्या लेखी हे पाच डोळे नव्हते, एकच डोळा पाच वेळा मोजला गेला होता. त्यांनी मला बसवून शास्त्रज्ञांना इंग्रजीत पत्र लिहायला लावलं की आमच्याकडून अशी चूक झाली आहे, तरी आमची उत्तरं काढून टाकावीत. आठवड्याने गोड उत्तर आलं, की हजारो लोक बघत असतात, एवढ्याने काही बिघडत नाही, धन्यवाद. बाईंचं समाधान झालं नाही. बिघडत कसं नाही, असं त्या दोन दिवस भांडी घासताना म्हणत होत्या. शनिवारची बैठक बंद झाली.

पण एवढा काटेकोरपणा नुसत्या हौसेचा नव्हता. त्या एका वादळाची वाट बघत होत्या.

ते मला त्यांनी एकदाच सांगितलं, शेवग्याच्या शेंगा सोलताना, मान वर न करता. त्यांचे वडील, आबा, तांडेल, म्हणजे होडीवरचे मुख्य. म्हातारपणी समुद्रात जाणं थांबलं तरी किनाऱ्यावर उभे राहून आभाळ बघायचे आणि त्यांच्या शब्दावर होड्या सुटायच्या. त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आभाळ बघितलं, काही नाही म्हणाले, आणि बाईंचा धाकटा भाऊ एक गडी घेऊन गेला. संध्याकाळी वारा उठला. गडी फळीला धरून किनाऱ्याला लागला. भाऊ आला नाही. त्याची मुलगी तेव्हा पाळण्यात होती.

बाई मुंबईहून पोचल्या तेव्हा किनाऱ्यावर सगळा गाव जमला होता. त्या सगळ्यांसमोर बाई वडिलांना म्हणाल्या, की आभाळात होतं, तुम्हाला दिसलं नाही. आबा एवढंच म्हणाले की काही नव्हतं. पण बाई शिकलेल्या, मुंबईच्या, माणसाच्या आतलं बघणाऱ्या. गावाने त्यांचं ऐकलं. त्यानंतर आबांना कोणी आभाळ विचारलं नाही. ते रोज सकाळी किनाऱ्यावर जाऊन उभे राहायचे आणि होड्या त्यांच्याकडे न बघता सुटायच्या. बाई त्यांच्याशी अकरा वर्षं बोलल्या नाहीत, आणि मग आबा गेले.

"मला एवढंच बघायचंय," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी आभाळात होतं की नव्हतं."

मी म्हटलं, अहो, साइटवर यादी आहे, आकडा टाकला की हवं ते वादळ उघडतं, आत्ता काढून देतो. बाईंनी शेंग खाली ठेवली आणि माझ्याकडे मूर्खाकडे बघावं तसं बघितलं. शोधायला गेलं की हवं तेच दिसतं, म्हणाल्या. समोर येईल तेव्हा बघेन.

मग चित्रात आपल्या किनाऱ्याची बारीक रेघ आली की बाई खुर्ची पुढे ओढायच्या. उत्तर द्यायच्या, पट्टी उचलायच्या, साल बघायच्या आणि म्हणायच्या, हे नव्हे. असं तीन वर्षं चाललं. मला वाटायचं, ते वादळ येऊच नये. दोन ते चारचा हा वेळ असाच चालू राहावा. बाईंना काही तरी वाट बघायला असणं मला बरं वाटायचं.

एका गुरुवारी मी खोलीत शर्टांना इस्त्री करत होतो. पलीकडून "धरा" ऐकू आलं. "सोडा" आलंच नाही. मी दोन शर्ट संपवले, तरी नाही. इस्त्री बंद करून बाहेर आलो.

बाई उभ्या होत्या. चिकटपट्टी त्यांच्या बोटाला लोंबत होती. मला बघून त्यांनी ती घाईघाईने परत पडद्यावर दाबली, कॅलेंडरच्या जुन्या पानावर एक आकडा लिहिला आणि माझ्यापुढे सरकवला. तुझ्या खात्यावरून हे उघड, म्हणाल्या. पट्टी काढू नको. काय दिसतं ते सांग. बाकी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या माणसाने स्वतंत्र बघितल्याशिवाय रिपोर्ट पक्का होत नाही हा त्यांचाच नियम, आणि तो त्या त्याही वेळी पाळत होत्या. पण खुर्चीत बसताना मी त्यांच्याकडे बघितलं. खालचा ओठ थरथरत होता. सहा वर्षांत मी तो चेहरा कधी उघडा बघितला नव्हता. आता बघितला आणि मला कळलं, ही तीच सकाळ असणार.

चित्र आलं. आपल्या किनाऱ्याची रेघ, आणि तिच्या पलीकडे करड्या ढगांचं एक फाटलेलं घावण. डोळा नाही, पट्टा नाही, काही नाही. ढेकळासारखा एक डाग तेवढा दक्षिणेला.

माझ्या डोक्यात सगळं एका क्षणात फिरलं. यात काही नसेल तर आबा बरोबर होते. आबा बरोबर असतील तर बाईंची अकरा वर्षं चुकीची. आणि आबा तर गेलेले, आता ही बाई कोणाची माफी मागणार? एका चित्राच्या एका उत्तराने कोणाचं काय बिघडणार होतं? शास्त्रज्ञच म्हणाले होते, हजारो लोक बघतात. मी 'डोळा स्पष्ट दिसतो' यावर बोट ठेवलं आणि उत्तर पाठवून दिलं.

"डोळा आहे, बाई," मी म्हटलं. "मोठं वादळ आहे."

"खंय?"

बाई घरी माझ्याशी मुंबईचीच भाषा बोलायच्या. मालवणी फक्त गावचा फोन आला की.

मी पडद्यावर कुठेतरी बोट ठेवलं. बाईंनी पडद्याकडे बघितलंच नाही. त्या माझ्या बोटाकडे बघत होत्या, आणि ते बोट जागा शोधत फिरत होतं.

"तू प्लेट नाय बघलंस," त्या म्हणाल्या. "माझा तोंड बघलंस."

बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या समोरच्या खुर्चीत हळूच बसल्या आणि म्हणाल्या की चूक तुझी नाही, तोंड उघडं ठेवलं मी. मग बराच वेळ त्यांनी पडद्याकडे बघितलं. मागे लेथ मशीन चालू होतं.

"थंय काय नाय रे," म्हणाल्या. "वरून कॅमेऱ्याक दिसला नाय, ता किनाऱ्यार उभ्या माणसाक कसा दिसतला? आबा खरा सांगी होते."

आणि त्यांनी एप्रन तोंडाला लावला. आवाज न करता रडत होत्या, फक्त खांदे हलत होते. थोड्या वेळाने एप्रनच्या आतूनच म्हणाल्या, की गावानेही हेच केलं. कोणी आभाळ बघितलं नाही. माझं तोंड बघितलं आणि आबांना चुकीचं ठरवलं. मी त्यांच्यासाठी पाणी आणलं. ते माझ्याच हातात राहिलं.

मी साइटवर शोधलं, दिलेलं उत्तर मागे घेता येतं का. येत नव्हतं. ते चित्र उत्तर द्यायला मला परत मिळणारही नव्हतं, नुसतं उतरवून घेता येत होतं. माझं खोटं तसंच त्या ढिगात जाऊन बसलं, आणि मी किती माफी मागितली तरी बाई एवढंच म्हणाल्या की बाकीचे खरं बघतील, कोणीतरी बघेलच.

दोन दिवस दुपारी दोन ते चार टेबलाशी कोणी बसलं नाही. तिसऱ्या दिवशी बाई मला घेऊन नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेल्या, ते चित्र मोठ्या कागदावर रंगीत छापून घेतलं आणि वर प्लास्टिक चढवायला सांगितलं. दुकानदाराने ते उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, आंटी, ये क्या है?

"माझ्या वडलांचा रिपोर्ट आहे," बाई म्हणाल्या. "नॉर्मल आहे."

त्याच आठवड्यात त्या गावी गेल्या, आबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. पुढचं मला त्यांच्या भाचीने फोनवर सांगितलं. भाची म्हणजे भावाची ती पाळण्यातली मुलगी. आता तिची स्वतःची मुलं शाळेत जातात, आबांच्याच घरात राहते. ती म्हणाली, आत्या आली, हातपाय धुतले नाहीत, पाणी प्यायली नाही, पिशवीतून फोटो काढला आणि तशीच किनाऱ्यावर गेली. होड्या लागायची वेळ होती. त्या दिवशीची माणसं आता पाच-सहाच उरलीत, त्यांना तिने एकेकाला हाक मारून बोलावलं. फोटो उन्हाकडे धरला. ही ती सकाळ, म्हणाली, नीट बघा आणि काय दिसतं ते सांगा. दुसऱ्याकडे बघू नका. म्हाताऱ्यांनी आळीपाळीने फोटो हातात घेतला. तो फळी धरून वाचलेला गडीही त्यांत होता, त्याने सगळ्यात जास्त वेळ बघितलं. मग म्हणाला, "ह्याच्यात काय नाय गे बाय."

"ताच तर सांगूक इलंय," बाई म्हणाल्या.

त्या मग तिथेच राहिल्या. सामान न्यायला दोन दिवस आल्या तेव्हा खिडकीवरचे नवऱ्याचे एक्स-रेही काढून, पुठ्ठ्यात गुंडाळून घेतले. गावच्या खिडकीला ऊन जास्त आहे, म्हणाल्या. त्यांनी जागा विकायला काढली आणि मी घाटकोपरला दुसरी खोली बघितली. निघताना त्यांनी ते कॅलेंडरचं पान माझ्या हातात दिलं, आकड्याचं. त्या वादळाच्या बाकीच्या प्लेटा तुझ्या खात्यावर अजून आहेत, म्हणाल्या. त्या बघ. मी म्हटलं, तुमच्यासमोर आत्ताच बघतो. त्यांनी मान हलवली.

"आत्ता नको. माझं तोंड समोर नसेल तेव्हा बघ."

मी पान पाकिटात ठेवलं आणि बघितलं नाही. खरं सांगायचं तर लाज वाटायची. वर्षातून दोनदा बाईंना फोन करायचो. प्लेटा बघितल्यास का, हे त्यांनी कधीही विचारलं नाही. सकाळी किनाऱ्यावर जाऊन उभी राहते एवढं सांगायच्या, आबा उभे राहायचे त्या जागी. माझं कोण ऐकणार, म्हणायच्या, पण उभी राहते.

मागच्या महिन्यात भाचीचा फोन आला. बाई दुपारी जेवून पडल्या त्या उठल्याच नाहीत. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलो नाही. दोन वाजता टेबल पुसलं, लॅपटॉप उघडला, औषधाच्या दुकानातून पांढरी चिकटपट्टी आणली होती ती पडद्याच्या खालच्या बाजूला लावली. पाकिटातल्या पानावरचा आकडा घडीवर पुसट झाला होता, तरी वाचता आला.

पुढचं चित्र आलं. मनातून मला वाटत होतं, निघावा एखादा डोळा, म्हणजे माझं खोटं तेवढ्यापुरतं तरी खरं होईल. मी खुर्ची पुढे ओढली आणि बघितलं. किनाऱ्याची रेघ होती. पलीकडे घावण होतं. दक्षिणेचा डाग जरासा सरकला होता. मी परत बघितलं. वरपासून खालपर्यंत, बाईंनी शिकवलं तसं, मधूनच उडी न मारता.

डोळा नव्हता. मी तसं सांगितलं.

भिंतीपलीकडून कोणी काही म्हटलं नाही. मग माझं मीच म्हटलं, "सोडा."